दुसरी तार

अमेरिकेत, हर्नडनला गिटार शिकायला लागलो तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो, आणि पहिले तीन महिने भलताच खुशीत होतो. होस्टेलवर ज्या रॉक गाण्यांच्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या, त्यातली निम्मी गाणी चार सोप्या कॉर्ड्सवर वाजतात हे कळल्यावर वाटलं, अरे, हे तर कधीच करायला हवं होतं! मग बार कॉर्ड्स आले आणि माझं डोकं फिरलं.

बार कॉर्ड म्हणजे डाव्या हाताची तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी पुढचा आकार धरायचा. त्या जुन्या गाण्यांत हे फार. गाणं मस्त चाललेलं असायचं, तो कॉर्ड आला की पाच तारा वाजायच्या आणि खालून दुसरी म्हणायची, ठक्. रोज ठक्. ऑफिसमधून येऊन तासभर दाबत बसायचो, बोटावर वळ उठायचे, तरी ठक्. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणे. माझं तर वाकडंच होतं, तरी निघेना! एकदा गिटार सोफ्यावर अशी आपटली की बायको म्हणाली, "अरे, छंद आहे की सूड?"

शेवटी शनिवारच्या क्लासला माझ्या मास्तरांनी, पांढऱ्या केसांची शेपटी बांधणाऱ्या त्या गोऱ्या म्हाताऱ्याने, माझी तर्जनी हातात घेतली. मधलं पेर जाड, त्याच्यापुढे बोट वळलेलं. त्या खळग्यातच दुसरी तार सुटत होती. "हे कधी मोडलं होतं का?" त्याने विचारलं.

"लहानपणी दारात सापडलं होतं," मी म्हणालो.

"मग पालथं दाबू नकोस. बोट जरा कुशीवर वळव, कडेच्या हाडाने दाब. जमेल."

गाडीत बसलो आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कसलं दार? दार-बिर काही नव्हतं. मी जन्माचा डावखुरा. नागपूरला आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लाकडी फूटपट्टीने मला उजवा केला. डाव्या हातात पेन्सिल दिसली की फटका. दुसरीत असताना एकदा पट्टीची उभी धार बसली, पेर टम्म सुजलं. शेजारच्या काकूंना अण्णांनी सांगितलं, दारात सापडलं. मग मीही तेच सांगत राहिलो, शाळेत, होस्टेलवर, लग्नानंतर बायकोलाही. पंचवीस वर्षं! पढवलेल्या पोपटासारखा!

त्या रागानेच बहुतेक, पुढच्या दोन आठवड्यांत मी बोट कुशीवर वळवायला शिकलो. दहातून चारदा सहाही तारा वाजायला लागल्या.

त्याच उन्हाळ्यात अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. माझी मुलगी चार वर्षांची, आणि माझ्यासारखीच डावखुरी. एका संध्याकाळी मी बेडरूममध्ये गिटार घेऊन बसलो होतो. बाहेर टेबलाशी ती वरणभात खात होती. अण्णांचा आवाज आला, "तो नाही, दुसरा." थोड्या वेळाने परत, "तो नाही बाळा, दुसरा." मग काहीच नाही. मी बाहेर आलो. अण्णांनी तिचा डावा हात स्वतःच्या पंजाखाली टेबलावर दाबून धरला होता, अगदी मायेने. ती उजव्या हातात चमचा धरून भात सांडत होती, डोळे भरलेले. "आजोबा, that's my good hand," ती म्हणत होती.

"सोडा तिचा हात!" मी इतक्या जोरात ओरडलो की ती दचकली.

"काऊन ओरडून राहिला?" अण्णा म्हणाले. "तुलाही असंच शिकवलं. काय वाईट झालं तुझं? झालास ना इंजिनियर?"

मी बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे काय झालं, सांगा."

त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "हे दारात सापडलं होतं ना रे? किती रडला होतास तू."

खोटं बोलत असते तर भांडलो असतो, पार उट्टं काढलं असतं. पण त्यांना खरंच तसंच आठवत होतं. माझा पंचवीस वर्षांचा राग, आणि त्याला टेकायला भिंतसुद्धा नाही! पुन्हा तिचा हात धरायचा नाही, एवढं बजावलं आणि आत जाऊन गिटार बडवत बसलो. त्यांनीही पुन्हा तो धरला नाही, हे खरं सांगायला हवं.

गणपतीत आमच्याकडे आरती झाली. सगळे कार्पेटवर बसलो होतो, मी पेढे वाटत होतो. लेकीने हात पुढे केला.

"तो नाही, दुसरा," मी म्हणालो.

मीच. अण्णा तर खाली बघत निरांजन पुसत होते. लेकीने माझ्याकडे एकदा पाहिलं, डावा हात मांडीखाली घातला, त्याच्यावर घट्ट बसली आणि उजवा पुढे केला.

हात असा लपवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. मलाही नव्हतं शिकवलं. दुसरीचं अख्खं वर्ष मी वर्गात तसाच बसायचो.