कपावरचा हात

मेईचा फोन आला तेव्हा मी मँचेस्टरच्या ट्राममध्ये उभी होते, एका हातात भाजीची पिशवी. मेई आमच्या जुन्या लॅबमधली चिनी मैत्रीण, आता एडिनबराला शिकवते. एरवी फोन केला की तासभर बोलते, त्या दिवशी दोनच वाक्यं बोलली. "मिस्टर लिन गेले. तिकडच्या सरकारी वेबसाइटवर आलंय." माझा स्टॉप आला, गेला, मी तशीच उभी... रडू येईना, आणि रडायचं तरी कोणासाठी हेही कळेना. संध्याकाळी मेईने ती बातमी इंग्रजीत करून पाठवली. अभियंता, मुख्य अभियंता, जलखात्याचे प्रमुख, प्रांताचे उपगव्हर्नर, पदांची नुसती चळतच्या चळत. मँचेस्टरचं नाव कुठेच नाही. माझ्या नवऱ्याने, अभयने, खांद्यावरून वाचून विचारलं, "अगं, एवढा मोठा माणूस तुझा कोण लागत होता?" काय सांगणार, कप्पाळ! त्यांनी मला शेवटी ओळख दिली की नाही, हेच मला आजतागायत ठाऊक नाही. आणि ते सांगू शकणारा माणूसच गेलाय.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. मी पुण्याहून धरणं-कालव्यांचं शिकायला आलेली. मिस्टर लिन चीनमधल्या त्यांच्या जलखात्याने वर्षभरासाठी धाडलेले, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. लॅबमध्ये काचेचा लांबलचक कालवा होता. त्यात पाणी सोडून बांध कुठून खचतो ते आम्ही बघायचो. माणूस भयंकर चिकट! सगळ्यांनी मान डोलावलेला आकडा यांना पटायचा नाही, बाह्या सरसावून पुन्हा पट्टी घेऊन वाकायचे. प्रोफेसर वैतागायचे, तर हे तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांच्याशी तासभर वाद घालायचे आणि बहुतेक वेळा जिंकायचे. मला फार आवडायचं ते.

एका रविवारी मी त्यांना घरी चहाला बोलावलं. आलं, गवती चहा, सगळं साग्रसंगीत. मी कप भरला तशी त्यांनी दोन बोटं दुमडून टेबलावर टकटक केलं. मला वाटलं, आणखी हवाय. भारतीय घरात काही उरवू नये असं त्यांना कोणीतरी पढवलेलं, म्हणून ते कप संपवणार. रिकामा कप दिसला की मी भरणार, भरला की ते टकटक करणार. मी पुन्हा आधण ठेवलं, आता बोला! शेवटी घामाघूम होऊन म्हणाले, "तुमच्याकडे पाहुण्याची सुटका कशी होते?" तेव्हा उलगडा झाला. ते टकटक म्हणजे चहा ओतणाऱ्याचे आभार होते. आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे नको असलं की ताटावर आडवा हात धरतात. कपावर असा तळवा ठेवा, कोणाची बिशाद आहे ओतायची!" मग वर्षभर तोच खेळ. मी किटली उचलली की ते शपथ घेतल्यासारखा कपावर तळवा ठेवायचे.

एकदा मी विचारलं होतं, नदी फुगली की पाणी शहरात शिरू द्यायचं की शेतांत, हे कोण ठरवतं? "मोठे लोक. मी फक्त नकाशा काढतो," सुटल्यासारखं म्हणाले. परत गेले आणि स्वतःच मोठे लोक झाले. कसे झाले, मला खरंच कळलेलं नाही. मेई सांगत होती, एका पुरात त्यांनी शेतांच्या बाजूचा बांध फोडायला लावला. शहर वाचलं, गावं बुडाली. कोणी वाहवा केली, कोणी शिव्याशाप दिले. पट्टी घेऊन पुन्हा पुन्हा वाकणाऱ्या माणसाने तो हुकूम कसा दिला असेल? हिंमत म्हणावी की दगडाचं काळीज? मी दोन्ही म्हणून बघते. दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही...

गेल्या वर्षी त्यांचं शिष्टमंडळ धरणांचं काम करणाऱ्या आमच्या इथल्या ऑफिसात आलं. मी खुळ्यासारखी ठेवणीतली साडी नेसून गेले. त्यांचे काळेभोर रंगवलेले केस, गडद सूट, मागेपुढे माणसं. "मिस्टर लिन, ओळखलंत का?" त्यांनी दुभाष्याकडे पाहिलं. दुभाषी म्हणाला, "उपगव्हर्नर आपल्या स्वागताबद्दल आभारी आहेत." अस्सा संताप आला मला! दुभाषी कशाला हवा होता यांना? चहाच्या वेळी मुद्दाम टीपॉट घेऊन मीच त्यांच्यापाशी गेले. कप भरला आणि त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. बोटं हलली नाहीत. कप संपल्यावर पुन्हा गेले, तर वर न बघता त्यांनी कपावर हात आडवा धरला. बस, जा आता, असाच अर्थ घेतला मी. घरी येऊन अभयला म्हटलं, "खुर्ची मिळाली की माणसं अशी बदलतात बघ." वर्षभर मी ही गोष्ट अशीच सांगत आलेय.

परवा मेई आली होती. बोलता बोलता मी तिचा कप पुन्हा भरला. तिने दोन बोटं वाजवली आणि कप तसाच ठेवला. म्हटलं, "घे ना, गार होईल." म्हणाली, "नको असला की आम्ही भरलेलाच ठेवतो." "कपावर हात नाही ठेवत?" मेई हसली. "आमच्याकडे? छे गं! मी तरी कोणाला तसं करताना पाहिलं नाही."

मग तो हात त्यांनी माझ्याच टेबलावर शिकलेला? मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या भोवती माणसं होती ना..." आणि लगेच, "की नुसता दुधाचा चहा नको होता त्यांना, कोण जाणे!" खरंय, कोण जाणे. वर का नाही बघितलं? बघितलं असतं तर हसू आलं असतं म्हणून? की बघावंसंच वाटलं नाही? वर्षभर मी त्या माणसावर रागावलेय आणि आता तो राग कुठे ठेवू तेही सुचत नाही. फार वाईट वाटतंय, एवढं मात्र खरं.

मेई ट्रेनसाठी निघून गेली. तिचा भरलेला कप टेबलावर तसाच होता. मी त्याच्यासमोर बसले आणि त्यावर तळवा ठेवला. चहा अजून कोमट होता.