वरच्या खोलीतला फिलिपिन्स

आयुष्यभर मी भूगोल शिकवला आणि फिलिपिन्सला दर वर्षी जेमतेम अर्धं मिनिट दिलं. नकाशाच्या उजव्या कडेला पट्टी टेकवायची, "हा द्वीपसमूह, इथे ज्वालामुखी, भूकंप आणि वादळं," असं म्हणायचं आणि खाली इंडोनेशियाकडे वळायचं. परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा नाही, त्यामुळे मुलंही त्याच्या वाटेला जात नसत. या दुर्लक्षाचा त्या देशाने सूड उगवला म्हणायचा. मी निवृत्त झाले आणि दोन हजार पंचवीस साली तो माझ्या वरच्या खोलीत राहायला आला.

आमच्या रावेरला केळी परदेशी पाठवणारं एक पॅकिंग हाऊस आहे. घडांना पिशव्या कशा घालायच्या, फण्यांना डाग न लागू देता त्या कशा धुवायच्या, हे शिकवायला त्यांनी फिलिपिन्सच्या दावाव शहरातून एक माणूस बोलावला होता. त्याच्यासाठी खोली शोधत तिथला मुकादम माझ्याकडे आला.

"बाई, वरची खोली खालीच पडेल हाये ना? मानूस चांगला हाये. फक्त मच्छी खातो."

"माझ्या घरात मच्छी शिजणार नाही."

"नाही शिजवत, बाई. तो बाहेर खाईन."

खोली रिकामी होती हे खरं. यजमान गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही. मुलगा, सून, नात पुण्याला. मी खोली दिली ती भाड्यासाठी नाही, वर कोणाच्या तरी चपला वाजाव्यात म्हणून. हे मुकादमाला अर्थातच सांगितलं नाही.

जानेवारीत तो आला. पन्नाशीचा, बुटका, बूट न सांगता दाराबाहेर काढणारा. गावातले सगळे मला बाई म्हणतात, म्हणून तोही बाई म्हणू लागला. आम्ही इंग्रजीत बोलायचो. त्याचं इंग्रजी नळासारखं वाहायचं; माझं आधी मनात व्याकरण तपासून मग बाहेर पडायचं. त्याची बायको फार पूर्वी वारली होती. एकच मुलगी, सेबू नावाच्या बेटावरच्या शहरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याचा करार वर्षाचा होता. वर्ष पुरं झालं तर मुलीचं शिक्षण पुरं होणार, मधेच सोडलं तर अडणार, एवढा सरळ हिशेब. "वर्षभर काही होऊ नये म्हणजे झालं," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

थंडीत मी परसात कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीवर भरताची वांगी भाजत होते, तर हा जिन्यावरून धावत खाली. त्यांच्याकडेही वांगी अशीच भाजतात म्हणे. मग सोलून, चपटी करून, फेटलेल्या अंड्यात बुडवून तळतात. अंडं ऐकल्यावर मी नाक मुरडलं. तरी दुसऱ्या दिवशी दोन भाजलेली वांगी वर नेऊन दिली. त्याने त्यांचं काय करायचं ते केलं, वास खालपर्यंत आला, आणि संध्याकाळी तो ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खायला माझ्या टेबलावर बसला. तेव्हापासून रोजच बसू लागला. अंडी वरच राहिली.

जेवण झालं की तो पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून मुलीशी बोलायचा. तिच्याकडे तेव्हा रात्र झालेली असे. ओले केस, मागे दुमजली पलंग, दोरीवर वाळत घातलेला पांढरा गणवेश. ती मला हात करायची. मला त्यांच्या भाषेतलं अक्षर कळत नसे, काय बोलणं झालं ते तो मागाहून सांगायचा; तरी मी भांडी न घासता तिथेच बसून राहायची. बऱ्याच दिवसांनी माझ्या घरात कोणी तरी कोणाला दिवसभरातलं काहीबाही सांगत होतं.

मार्चमध्ये त्यांच्या माजी अध्यक्षाला मनिलाच्या विमानतळावर धरलं आणि विमानात बसवून थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेलं. ते गृहस्थ दावावचे, याच्या गावचे. याने त्यांना मत दिलेलं. मुलीचं म्हणणं उलटं. अमली पदार्थांच्या नावाखाली रस्त्यावर माणसं मारली त्याचा जाब कोणीतरी विचारायलाच हवा होता, असं ती म्हणाली. फोनवर दोघांचं वाजलं. मग तांब्याला फोन टेकेना. जेवून तो मुकाट वर जाऊ लागला. मी दोन-तीन दिवस पाहिलं आणि मग माझा पारा चढला.

"अध्यक्ष तुम्हाला रोज जेवलास का विचारत होता का? पोरीशी अबोला धरता!"

तो हसला, आणि तिथेच बसून त्याने फोन लावला. मी उठून भांडी घासायला गेले, पण नळ बारीकच ठेवला.

खोलीत त्याने केळीचं एक रिकामं खोकं ठेवलं होतं. परदेशी राहणारी त्यांची माणसं असं खोकं वर्षभर भरतात आणि घरी धाडतात. त्यात साबण, गोळ्या, मुलीसाठी ओढण्या. उन्हाळ्यात मी गच्चीवर वाळवलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, त्यात घालायला दिल्या. वाटेत त्यांचा भुगा होणार हे दोघांनाही माहीत होतं.

सप्टेंबरात तिकडे माणसं रस्त्यावर आली. पूर अडवायला नद्यांना बांधलेल्या भिंती कागदावरच बांधल्या होत्या, पैसे मधल्या मधे जिरले होते. मुलगी वर्गातल्या मैत्रिणींबरोबर मोर्चात गेली. तिने पाठवलेला फोटो हा पठ्ठ्या पॅकिंग हाऊसमध्ये सगळ्यांना दाखवत फिरला. मुकादम म्हणाला, "पोरगी डेरिंगबाज हाये, भाऊ." त्या रात्री मात्र याने भाकरी अर्धीच खाल्ली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही जेवत असताना ती फोनवर होती. बोलता बोलता ती थांबली, वर बघितलं, आणि तिच्या मागचा पलंग चालायला लागला. दोरीवरचा गणवेश हेलकावे घेत होता. किंकाळ्या ऐकू आल्या, मग पडदा काळा. भूकंपावर मी किती वर्षं बोलले! केंद्र, अपिकेंद्र, लहरींचे प्रकार. माझ्या हातातला घास हातात राहिला आणि मला एकही शब्द आठवला नाही. तो नुसता पुन्हा पुन्हा फोन लावत होता.

बऱ्याच वेळाने ती दिसली. सगळ्या मुली मैदानात चादरी अंथरून बसल्या होत्या. हा म्हणाला, "मी येतो." ती म्हणाली, "पापा, येऊ नका. मी बरी आहे. वर्ष पुरं करा." त्याने ऐकलं. मला हायसं वाटलं, आणि ते ती वाचली म्हणून, तसंच हा राहिला म्हणूनही.

दिवाळीच्या आधी सकाळच्या चहाच्या वेळी पुन्हा जमीन हलली, या खेपेला दावावच्या बाजूला, समुद्रात. लाटांच्या भीतीने किनाऱ्यावरच्या लोकांना उंचावर पळायला सांगितलं होतं. याच्या भावाच्या घराची भिंत उभी चिरली. हा पुन्हा "येतो" म्हणाला, पुन्हा मुलीने तेच सांगितलं, आणि पुन्हा त्याने ऐकलं. दिवाळीत मी आकाशकंदील लावला तेव्हा तो शिडी धरून उभा होता. त्यांच्याकडे नाताळला असाच चांदणीचा कंदील लावतात आणि तो सप्टेंबरपासूनच लावायला घेतात, असं तो म्हणाला. मी त्यांच्या उतावीळपणावर हसले. वर्षभरात सगळ्यात बरं वाटलेली ती संध्याकाळ असेल.

नोव्हेंबर लागल्या लागल्या सेबूवर वादळ आलं. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती की पाऊस फार आहे, पण होस्टेल पक्कं आहे. सकाळी तिचा फोन बंद. दुपारपर्यंत चित्रफिती यायला लागल्या. चिखलाच्या पाण्यात घरं बुडालेली, छपरावर माणसं, गल्लीत गाड्या एकमेकींवर चढलेल्या. होस्टेल नदीपासून जवळ होतं. ज्या भिंतींचा हिशेब मागायला ती रस्त्यावर उतरली होती, त्या तिथे असायला हव्या होत्या.

त्या दिवशी मी चहा किती वेळा केला आणि ओतला कोण जाणे. तो खुर्चीत बसून फोन लावत होता. माझा जीव टांगणीला लागला होता, पण त्याच्या देखत मी रडणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी तो पॅकिंग हाऊसमध्ये गेला. घरी बसून मरण्यापेक्षा फण्या धुतो, म्हणाला.

दुपारी माझा फोन वाजला. भलामोठा परका आकडा. असले फोन मी घेत नाही, पण माझा नंबर त्याने मुलीकडून अडीअडचणीला म्हणून पाठ करून घेतला होता. उचलला.

"बाई? पापा आहेत?"

ते कामावर गेलेत म्हणून मी सांगितलं. ती इंग्रजीत भरभर बोलत गेली. अंधारात पाणी चढलं, सगळ्या छपरावर गेल्या, तिचा फोन वाहून गेला, हा एका शिक्षिकेचा आहे, पापांचा फोन लागत नाही. "पापांना सांगा, मी बरी आहे. येऊ नका म्हणावं. वर्ष पुरं करा म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले.

बोलणं संपलं होतं, पण तिने फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मला काहीतरी बोलायचं होतं आणि इंग्रजीचा एक शब्द जुळेना. शेवटी मी आपल्या आईच्या बोलीत म्हणाले, "रडू नको, माय. पोटात काही गेलं का तुह्या?" तिला त्यातलं काय कळणार होतं! ती हमसून हमसून रडायला लागली. मी "नको, माय, नको" एवढंच म्हणत राहिले. मग फोन तुटला.

रिक्षा करून पॅकिंग हाऊस गाठलं. तो टाकीपाशी कोपरापर्यंत पाण्यात हात घालून उभा होता. मला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. मी लांबूनच ओरडले, "आहे, आहे! फोन आला!" तो मटकन क्रेटवर बसला. मुकादमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे पुसले.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

निरोप जसाच्या तसा दिला तर तो जानेवारीपर्यंत राहणार, हे मला लख्ख दिसत होतं. थंडी नुकती पडू लागली होती. भरताची वांगी बाजारात आली होती. संध्याकाळी टेबलावर दोन ताटं राहिली असती. मला ते हवं होतं, फार हवं होतं.

"म्हणाली, मी बरी आहे, येऊ नका, वर्ष पुरं करा."

त्याने मान हलवली. उठला, पुन्हा टाकीकडे वळला. ती शहाण्यासारखी हललेली मान पाहून माझं डोकंच फिरलं.

"कुठे चाललात?"

"ती येऊ नका म्हणतेय ना, बाई. बरी आहे ती."

"तिने फोन ठेवला नाही. सगळं सांगून झालं तरी धरून ठेवला होता. बाप आहात की पोस्टमन?"

तो टाकीकडून परत वळला. "पण ती स्वतः म्हणाली की…"

"मीही म्हणते!" मी ओरडले. टाकीवरच्या बाया थांबून बघायला लागल्या. "माझा मुलगा दर रविवारी फोन करतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी म्हणाले, बरी आहे, येऊ नको. मागच्या वर्षी श्रावणात बाथरूममध्ये पडले तेव्हाही तेच. तो ऐकतो हो माझं. फार गुणी आहे. जा तुम्ही."

तो दोन दिवसांनी गेला. कंपनीवाले कुरकुरले, मग बहुतेक काम झालंय तर पोरीचं शिक्षण अडू देणार नाही, एवढं कबूल केलं. जळगावला न्यायला गाडी आली तेव्हा त्याने माझा हात धरून वाकून कपाळाला लावला. त्यांच्याकडे आपल्यासारखं पाया पडत नाहीत, असं करतात. मुलगी विमानतळावर आलेली फोटोत पाहिली. तिने त्याच्या छातीत तोंड खुपसलं होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

पुढच्या रविवारी मुलाचा फोन आला.

"आवाज बसलाय का गं? त्या भाडेकरूने खोली सोडली म्हणे. एकटी आहेस, येऊ का या शनिवारी?"

"छे, कशाला! तुझी कामं असतील. मी बरी आहे."

"नक्की?"

"नक्की. येऊ नको."

सगळं सांगून झालं होतं, तरी मी फोन ठेवला नाही. कानाला तसाच धरून बसले.

"बरं, ठेवतो मग," तो म्हणाला आणि त्याने ठेवला. त्याच्यावर ओरडेल असं तिथे कोणी नव्हतं.