गणपतीतलं उत्तर

वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते. डहाणू रोडला, औषधाच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत मी नुकताच कॉम्प्युटर चालू करून बसलो होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मी, सांगायचीसुद्धा लाज वाटते, मी म्हणालो, "अहो, पण हेमंत तर बरा होता ना!" वहिनींनी विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्यानंच सांगितलं होतं. पण कधी? दीड महिना झाला, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. तेरावा झाला, लोक आपापल्या कामाला लागले, मीही रोज खोली उघडून बसतो. काम मात्र होत नाही. बसतो आणि त्याच्या खुर्चीकडे पाठ करून भिंत बघत राहतो.

हेमंत चिखल्याचा. वडील होडीवर, आई मासळी विकायची. बारा वर्षं आम्ही दोघं त्या खोलीत पाठीला पाठ लावून जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहीत होतो. होडीवाल्याचा मुलगा कॉम्प्युटरवर काय करतो, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बापाचंच काम करतो. जाळ्याला भोक कुठे पडलंय ते शोधायचं." आणि खरंच, भोकं तोच शोधायचा. पाडायचो मी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चिखल्याच्या होडीवाल्यांसाठी आम्ही किनाऱ्यावर एक स्क्रीन लावून दिली होती. वारा किती आहे ते त्यावर दिसायचं. त्यातला वाऱ्याचा भाग मी लिहिला होता आणि लिहिला म्हणजे काय, मिरवत होतो. तिसऱ्याच दिवशी दुपारी हेमंतच्या काकांचा फोन. "तुझ्या पाटीवर वारा शांत आहे रे बाबा, पण माझी लुंगी डोक्यावर चाललीय!"

जावा ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्यात सप्लायर नावाचा एक साधा प्रकार असतो. त्याला आपण काहीच द्यायचं नाही. आपण फक्त मागायचं आणि त्यानं उत्तर आणून द्यायचं. कुठून आणायचं, कसं आणायचं, ते काम त्याच्या आत लिहून ठेवतात आणि जितक्यांदा मागाल तितक्यांदा तो ते नव्यानं करतो. मी काय केलं होतं, तर रोज सकाळी प्रोग्राम सुरू होतानाच वाऱ्याचा आकडा एकदा आणून ठेवला होता आणि सप्लायरला सांगितलं होतं की कुणी मागितलं तर हा दे. वरून बघाल तर सगळं शिस्तीत. कुठे चूक दाखवत नाही, काही नाही. स्क्रीन दर दहा मिनिटांनी इमानदारीत विचारायची आणि सप्लायर तितक्याच इमानदारीत सकाळचा आकडा तिच्या हातावर ठेवायचा. मी तपासलं होतं तेही सकाळीच, मग बरोबर येणारच की!

हेमंतनं दोन मिनिटांत पकडलं. "अरे गाढवा, विचारणंच आत घाल ना! आणून काय ठेवतोस?" मग खुर्ची माझ्याकडे फिरवून म्हणाला, "माझी आई टोपली घेऊन दारोदार जायची. बाई विचारायची, आज काय आणलंस? आई फडकं बाजूला करून दाखवायची. आज बोंबील आहेत की मांदेली, ते आज बघूनच सांगायचं असतं. काल काय होतं ते सांगून चालत नाही." मी हसलो, ओळ दुरुस्त केली आणि समजलं असं म्हणालो. काय डोंबल समजलं होतं मला!

गेल्या गणपतीत तो माझ्याकडे आरतीला आला होता. पाय सुजलेले दिसले. मी विचारलं, "काय रे हे? डॉक्टर काय म्हणतो?" तो म्हणाला, "बरा आहे रे. पाणी धरलंय जरा, गोळ्यांनी उतरेल." बस. पुढच्या चार महिन्यांत तब्येतीबद्दल मी त्याला पुन्हा एकदाही विचारलं नाही. एकदाही नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो घरूनच काम करायला लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी वापीला जाऊन येतो म्हणायचा. आमच्याकडचं कोण वापीला जात नाही? मला वाटलं, गिऱ्हाईक असेल. फोन रोज व्हायचा, पण तो कामाचा. आवाज खोल गेल्यासारखा यायचा, तर मी म्हणायचो, "तुमच्या चिखल्याला रेंजच नाही साली!" तोही म्हणायचा, "हो ना."

लोक विचारायचे मला. चहावाला विचारायचा, शाळेतले मित्र विचारायचे. मी ठोकून द्यायचो, "बरा आहे, गोळ्या चालू आहेत." जिभेला काय हाड?

आणि भाऊबीजेला मालतीताईनं विचारलं. ताई म्हणजे हेमंतची मोठी बहीण, उधव्याला शाळेत शिक्षिका आहे. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं. एरवी ती भाऊबीजेला चिखल्याला यायचीच. यंदा हेमंतनं तिला सांगितलं होतं, कामाचं फार आहे, येऊ नकोस. तिनं सकाळी मला फोन केला. "विजू, खरंच काम आहे का रे? तो बरा आहे ना? मला काही ठीक वाटत नाही. तू रोज बोलतोस म्हणून विचारते." मी अंघोळ करून फराळाला बसलो होतो. तोंडात चकली होती. मी म्हणालो, "एकदम बरा आहे ताई. काम आहेच. उगाच कशाला धावपळ करतेस?" ती म्हणाली, "तू म्हणतोस तर ठीक आहे."

वापीला त्याचं डायलिसिस चालू होतं, हे मला वहिनींनी दहाव्याच्या दिवशी सांगितलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. घरातल्या कुणी दिली तर बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनींची जुळली नाही. ताईला कळवायचं नाही म्हणून यानं वहिनींना शपथ घातली होती. ती लगेच स्वतःची काढून द्यायला निघेल, म्हणायचा. "पण तुमची त्यांना धास्ती होती," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, विजूनं सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. तुमचा फोन आला की आधी घाबरायचे. मग कामाचं बोलणं सुरू झालं की निवांत व्हायचे."

निवांत व्हायचा... रोज एक फोन. चार महिने. एका तरी फोनवर म्हणालो असतो, ते काम जाऊ दे चुलीत, तू कसा आहेस! बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. भेटेल तो सांगतो, तुझा काय दोष, त्यालाच लपवायचं होतं. असेल. मला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. माहीत नाही एवढं म्हणालो असतो तरी ताई निघाली असती.

परवा उधव्याला जाऊन आलो. फोनवर बोलायची हिंमत नव्हती. ताई घरी एकटीच होती. ती चिडली असती, दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. तिनं पाणी दिलं, समोर बसली. मी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती. मग शाळेतल्या पोराला विचारावं तसं शांतपणे विचारलं, "बरा आहे, असं तो तुला कधी म्हणाला होता?"

"गणपतीत."

तिनं मान हलवली. म्हणाली, "त्या दिवशी मी त्याचं ऐकलं नव्हतं रे. निघालेच होते. साडी नेसून, ओवाळणीचं ताट पिशवीत भरून बसले होते. तलासरीच्या गाडीला वेळ होता, म्हटलं, तोवर विजूला विचारून घेऊ."

"मग?"

"मग काय. तुझा फोन ठेवला आणि साडी बदलली."