मासवडी फुटली तेव्हाचं हसू

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन मी येडगावच्या बाजूच्या या घरात आले, तेव्हा मला भाकरीसुद्धा धड थापता येत नव्हती. आक्कांनी शिकवलं. मासवडीही त्यांनीच शिकवली. चण्याच्या डाळीचं पीठ घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचं, वर तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण पसरायचं आणि फडकं उचलून माशासारखी गुंडाळी करायची. मग वड्या कापायच्या. हाताला चटके बसतात, पण थांबायचं नाही. "पीठ वाट बघत न्हाई," आक्का म्हणायच्या. "आपुन थांबलो की ते रुसतं."

आम्ही दोघींनी एका चुलीवर इतकी वर्षं रांधलं की पाठ करून बसलं तरी मागची काय करते ते आवाजावरून कळायचं. आक्का माझ्याकडे पाठ करून निवांत बसायच्या. ते निवांत बसणं पुढं माझ्या हातून गेलं, म्हणून हे लिहिते.

गावात मोबाइल नुकते दिसायला लागले होते. त्या सुमारास मंचरच्या एका मंगल कार्यालयात टीव्हीवाल्यांची स्वयंपाकाची स्पर्धा आली. बचत गटातून आम्हा दोघींची नावं गेली. मी नको नको म्हणत होते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण आक्का म्हणाल्या, "तू न्हाई आलीस तर मी बी जात न्हाई. एकटीला लाज वाटंल मला." मग गेले.

आक्का भांडी घेऊन आत गेल्या आणि मला दारात एका मुलीनं अडवलं. मुंबईची असावी. शेजारी कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस.

"मावशी, डोक्यावरचा पदर जरा खाली घ्या ना. चेहऱ्यावर सावली पडते."

घरची पुरुषमाणसं अजून आली नव्हती. मी पदर खांद्यावर घेतला.

"शिक्षण?"

"चौथी."

"बरं, मासवडीत तुम्ही मासा कुठला घालता?"

मासवडीत मासा नसतोच, नुसता आकार. माझ्या मागं आळे गावची एक बाई उभी होती, ती म्हणाली, "सांग की गं, धरणातला का समुद्रातला?" मला हसू आवरलं नाही. उघड्या डोक्यानं, तोंडावर हातसुद्धा न घेता हसले. कॅमेरा चालू असेल हे मनातही आलं नाही.

आत गेले तर पुढच्याच रांगेत थोरले दीर, म्हणजे आक्कांचे मालक, येऊन बसलेले. मी झटकन पदर डोक्यावर घेतला आणि कानामागं खोचला. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर डोकं उघडं ठेवत नाहीत आणि त्यांच्याशी थेट बोलतही नाहीत. शेवटपर्यंत तो पदर हलला नाही.

आक्कांनी पीठ थापलं, सारण पसरलं आणि फडक्याला हात घातला. तेवढ्यात कॅमेरावाला ओरडला, "थांबा, थांबा! हात दिसले नाहीत. मी इकडून येतो." आक्का थांबल्या. दुसरं कुणी असतं तर थांबलं नसतं, पण त्यांना मोठ्या माणसाचा शब्द मोडवत नाही. वर पंखा गरगरत होता, समोर ते भट्टीसारखे दिवे. पिठावर कोरडी साय धरलेली मला माझ्या शेगडीवरून दिसत होती. "हां, आता करा," तो म्हणाला. आक्कांनी फडकं उचललं आणि मासवडी मधोमध फुटली. सारण बाहेर आलं.

मी माझं पीठ टाकून धावले. बोटं पाण्यात बुडवून ती चीर सांधायला लागले. आक्कांनी माझा हात बाजूला केला. "जा गं, तुझं करपंल."

परीक्षक बाईंनी सगळ्यांचं चाखलं. माझी मासवडी त्यांना आवडली, आक्कांचा रस्सा आवडला. आम्हा दोघींना पुढं काढलं आणि सांगितलं की कार्यक्रम दिसेल तेव्हा लोक मोबाइलवरून मत देतील, त्यावर निकाल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोकच ठरवणार म्हटल्यावर कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी सगळी आळी आमच्या घरात. आक्का माझ्याशेजारी. पडद्यावर त्यांची मासवडी फुटली. "थांबा" म्हणणारा आवाज कुठंच नव्हता. आणि लगेच मी आले, पडदाभर. हसत. तोंड उघडं, दात दिसतायत, आणि खाली कसलं तरी वाद्य वाजतंय.

मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "शेवटी जाऊच ती."

"असं झालं न्हाई," आक्का मोठ्यानं म्हणाल्या. "ही हसली न्हवती. ही माझ्याकडं पळत आली व्हती."

"आवो आक्का, समोर दिसतंय की!"

माझं धावणं टीव्हीवाल्यांनी दाखवलंच नव्हतं.

मी आक्कांना सांगितलं, ते हसू दारातलं आहे. त्या म्हणाल्या, "असंल बाई. दारात मी न्हवते."

पुढं आळेफाट्याला एसटीची वाट बघत उभी होते, तर दोन अनोळखी माणसं माझ्याकडे बघून बोलत होती. "हीच ती हसणारी." "मी दोन मतं टाकली राव, त्या थोरलीला. धाकटी लई आगाव." मी पदर पुढं ओढला, तर दुसरा म्हणाला, "आता झाकती!"

आक्का जिंकल्या. लाल फीत बांधलेला मिक्सर घरी आला. त्यांनी तो फळीवर ठेवला, फीतसुद्धा सोडली नाही. "माझ्या मासवडीला कुणी मत दिलं न्हाई," त्या म्हणाल्या. "फुटलेल्या मासवडीला कोण देतं? तुझ्या हसण्याला दिलं."

तो कार्यक्रम पुन्हा पुन्हा लागायचा. आक्का प्रत्येक वेळी बघायच्या. एकदा मी हसत होते तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला, तरी ते हसू काचेवर थोडा वेळ तसंच राहिलं. चेहरा नाही, नुसतं हसू. मग तेही आत आत गेलं. आम्ही दोघी अंधारलेल्या काचेकडे बघत बसलो. आक्का हळूच म्हणाल्या, "तू आवाज न करता हसलीस, धाकटे. म्हणून मला तवा ऐकू आलं नसंल."



त्यानंतर त्या जास्त सांगायला लागल्या. "तू हसलीस तवा माझ्या हातातली सुरी थरथरली." पण सुरी तेव्हा हातात नव्हतीच. मासवडी गुंडाळताना फुटली होती, कापताना नाही. मी तसं म्हटलंही. त्यांनी चुलीपुढचा पाट फिरवून घेतला. आता माझ्याकडे तोंड करून बसायच्या. भाकरी थापता थापता एकदम मान वर करायच्या.

एकदा मी परसात कपडे वाळत घालत होते. आक्का चुलीपासून उठून बाहेर आल्या. "का हसलीस?"

"मी हितं व्हते, आक्का."

"घरात हसलीस." त्यांनी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घरात कुणी नव्हतं.

पण मला भीती वाटली ती आक्कांची नाही. त्या दिवसाची आठवण काढायला मी डोळे मिटायची, तर आक्कांचे हात दिसायला हवे होते, नखांत अडकलेलं पिवळं पीठ, माझी भाजलेली बोटं. ते दिसेना. मला मीच दिसायची. समोरून. शेगडीपाशी उभी, आणि हसत. माणूस स्वतःला समोरून कसं बघेल? हे कळत होतं, तरी तेच दिसायचं. मीही टीव्हीवाल्यांच्या बाजूनं बघायला लागले होते. खरंच हसले असेन का, असं एकदा मनात आलं आणि मी भांडी घासता घासता तशीच उभी राहिले.

एका संध्याकाळी तो कार्यक्रम पुन्हा लागला. मी पडद्यावर आले की थोरले दीर दर वेळी उठून बाहेर जायचे. तसे त्या दिवशीही गेले. ओट्यावरून त्यांनी आक्कांना हाक मारली. मी स्वयंपाकघरात होते.

"आगं, ही पोर माझ्याम्होरं कधी उघड्या डोक्यानं उभी राह्यली का?"

"न्हाई."

"मग ती टीव्हीच्या पेटीतली हसताना पदर कुठं हाय? तिला बघून मला उठावं लागतं. कार्यालयात मी पुढंच बसलो व्हतो, तिथं मला उठावं लागलं न्हवतं."

आक्कांनी टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं आत आल्या. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"दारात त्या पोरीनं काय इचारलं व्हतं?"

"मासवडीत मासा कुठला घालता."

"आणि ती आळ्याची?"

"धरणातला का समुद्रातला."

आक्कांचं तोंड आधी थरथरलं. मग त्यांना हसू फुटलंच. किती दिवसांनी. त्यांना बघून मलाही आवरेना, डोक्यावरचा पदर कधी घसरला ते कळलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात आक्का एकदम थांबल्या. तांदळातला खडा शोधावा तसं त्यांनी माझं तोंड न्याहाळलं, अगदी जवळून.

"ही न्हवं ती," त्या म्हणाल्या. "ती येगळी हाय."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी सांगणार होते की मीच ती, फक्त दारातली. पण आक्का पाट उचलत होत्या. त्यांनी तो पुन्हा पहिल्यासारखा फिरवला आणि माझ्याकडे पाठ करून पीठ मळायला घेतलं. मी काही सांगितलं नाही.

आता मासवडी केली की आक्का कडेची फुटकी वडी पहिली उचलतात आणि परसातल्या भिंतीवर ठेवून येतात. पहिल्या वेळी मी विचारलं, "कुणाला ओ?"

"हसली तिला. उपाशी राह्यली तर घरात यील."

वडी थोड्या वेळानं तिथं नसते. मांजर खात असेल, कावळा असेल. आक्का ती ठेवून आल्या की मागं वळून बघत नाहीत. मीही चुलीकडेच बघते.