मी मोडलेली अंगारकी

विहीणबाईंची दातखीळ बसत आली होती आणि माझ्या हातात साखरेच्या चार पुड्या होत्या. बोटीच्या खोलीतल्या पलंगावर त्या आडव्या पडल्या होत्या. घामाने पातळ अंगाला चिकटलं होतं. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. सून हात पसरून पलंगाच्या आणि माझ्या मध्ये उभी होती.

"आई, नको. चंद्र दिसल्याशिवाय काही द्यायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातलीय. बोट लागून सीसिक झाली असेल. डॉक्टर येतोय ना."

"बाजूला हो," मी म्हटलं.

"शुद्धीवर आली की जन्मात माझं तोंड बघणार नाही ती."

"आली तर ना. हो बाजूला."

खोलीच्या गोल खिडकीतून ऊन आत येत होतं. घड्याळात रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. पुण्याच्या. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मी चौथी पास. हा फरक त्या कधी विसरल्या नाहीत. मुलगा आणि सून टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहायचे आणि त्या वर्षी आम्ही दोघी विहिणी एकाच वेळी तिथे जाऊन पडलो होतो. एका स्वयंपाकघरात दोन विहिणी म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मुलगा तेलाच्या कंपनीत इंजिनियर होता आणि तेलाच्या कंपन्या धडाधड माणसं काढत होत्या. तो म्हणाला, "नोकरी राहिली तर सुट्टी मिळणार नाही, गेली तर पैसे नसतील. आत्ताच जाऊन येऊ." त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी नॉर्वेच्या बोटीचं वर्णन केलं होतं. तर ह्यूस्टनहून न्यूयॉर्क, तिथून कोपनहेगन, आणि तिथे त्या पांढऱ्या बोटीत आम्ही चढलो. बोट कसली, सात मजली हॉटेल होतं. सगळे अमेरिकन म्हातारे-म्हाताऱ्या. दोन पातळवाल्या आम्हीच.

आम्हा दोघींना एक खोली. पलंग जमिनीला स्क्रूने बसवलेले. विहीणबाईंनी खिडकीकडचा घेतला. मला विचारलं नाही.

रोज सकाळी एक नवं गाव यायचं. लाल, पिवळी लाकडी घरं, खेळण्यातल्यासारखी, आणि काठावर मांडव घालून मासे वाळत टाकलेले. वास आपल्या सुकटीचाच. विहीणबाई नाकाला पदर लावून वरच बसायच्या. मी उतरायचे. फियॉर्ड म्हणजे डोंगरात लांबवर आत घुसलेली खाडी. दोन्ही बाजूला उभे कडे, वरून पाणी कोसळतंय, आणि मधून बोट मुकाट जाते. बघायला चांगलं होतं. पण दोन दिवसांनी सगळे कडे सारखे दिसायला लागतात, हे मी बोलले तर मुलाला राग आला.

आता साखरेच्या पुड्यांबद्दल सांगते. अमेरिकेत कॉफीच्या दुकानात टेबलावर साखरेच्या छोट्या कागदी पुड्या ठेवलेल्या असतात. मी निघताना चार उचलून बटव्यात टाकत असे. मुलगा शरमेने लाल व्हायचा. "आई, प्लीज. लोक बघतात. घरी पाच पौंडाची पिशवी आहे." विहीणबाई म्हणायच्या, "असू दे हो जावईबापू. सवयी असतात एकेकाच्या." माझ्या नवऱ्याला मधुमेह होता. बारा वर्षं मी त्याला इन्सुलिनची सुई टोचली, काचेची सिरिंज पातेल्यात उकळून. कधी जेवायला उशीर झाला की त्याला दरदरून घाम फुटायचा, काहीबाही बडबडायचा, एकदा मला त्याने आईच्या नावाने हाक मारली. मूठभर साखर तोंडात घातली की दहा मिनिटांत माणूस जागेवर. तेव्हापासून साखर जवळ असल्याशिवाय मी उंबरा ओलांडला नाही. नवरा गेला, साखर राहिली. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

विहीणबाईंनाही मधुमेह होता. ह्यूस्टनच्या डॉक्टरने निघण्याआधी पंधरा दिवस त्यांना नवी, जोरकस गोळी लिहून दिली होती. सुनेने प्लॅस्टिकची डबी आणली, आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. "गोळी चुकवायची नाही हं," असं ती रोज सकाळी बजावायची.

आणि विहीणबाई संकष्टी करायच्या. एकवीस वर्षांत एक मोडली नव्हती. शुगर लँडला संध्याकाळी ड्राइव्ह-वेमध्ये खुर्ची टाकून चंद्राची वाट बघत बसायच्या. समोरचा शेजारी गाडी धुता धुता विचारायचा, "एव्हरीथिंग ओके, मॅम?" त्या म्हणायच्या, "वेटिंग फॉर मून." तो बिचारा वर बघायचा. तिथे निदान दुपारी साबुदाण्याची खिचडी, केळी, दाण्याचे लाडू असायचे. बोटीवरचा दिवस मात्र अंगारकीचा निघाला. मंगळवारची चतुर्थी. विहीणबाईंनी पुण्याहून आणलेलं कॅलेंडर सुटकेसमध्ये घालून आणलं होतं, त्यात बघून त्या म्हणाल्या, "आज निरंकार."

"पाणीसुद्धा नाही?" मी विचारलं.

"पाणी चालतं. अन्न नाही. इथलं फळसुद्धा त्या मासे कापायच्या सुरीने कापतात."

"केळं कोण कापतं?"

"तुम्हाला नाही कळायचं, विहीणबाई."

त्या वेळी बोट नॉर्वेच्या फार वर गेली होती, जिथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. हे त्या आणि त्यांची मुलगी, दोघींना पाठ होतं. माहितीपुस्तकातून आम्हाला वाचूनही दाखवलं होतं. पण सूर्य जिथे मावळत नाही तिथे चंद्राचं काय, हा प्रश्न दोन पदवीधर बायकांना दुपारपर्यंत पडला नाही. मला पडला होता. मी विचारला नाही, कारण मला वाटलं, शिकलेल्यांनी बघून ठेवलं असेल. ती माझी चूक, ती मी मान्य करते.

संध्याकाळी जेवणघरात पांढऱ्या कपड्यातला एक अधिकारी टेबलाटेबलाशी येऊन चौकशी करायचा. मुलाने त्याला चंद्र कधी उगवेल ते विचारलं. तो वर जाऊन कागदावर लिहूनच घेऊन आला. मुलाने आम्हाला सांगितलं, "रात्री साडेबारा-एकला उगवेल. तोही दक्षिणेला, अगदी खाली. आपण फियॉर्डच्या आत आहोत, हे डोंगर मध्ये येणार. दिसणार नाही म्हणतो. आणि विचारतोय, मॅडम अ‍ॅस्ट्रॉनॉमर आहेत का?"

मुलगा हसला. विहीणबाई हसल्या नाहीत.

"ढग असले की पंचांगातली वेळ बघून सोडतात ना उपास?" मी म्हटलं. "तसं समजा आणि चार घास खा."

"ढगामागे चंद्र असतो. इथे उगवलेलाच नाही. चौथीपर्यंत भूगोल नव्हता वाटतं तुम्हाला?"

"होता. भूगोलाने पोट भरत नाही."

"बोट फियॉर्डच्या बाहेर गेली की दिसेल. तोपर्यंत मी थांबेन." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "तुला माझी शपथ आहे. मी मागितलं तरी देऊ नकोस."

नऊ वाजता आम्ही खोलीत आलो. त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "मुलींना सांगा, हजेरी घ्यायची आहे." मी वळून बघितलं. चेहरा पांढराफटक. कपाळावर घामाचे थेंब. हात लावला तर गार. "कुठल्या मुली?" मी विचारलं तर त्यांनी माझा हात झिडकारला आणि आडव्या झाल्या.

मी समोरच्या खोलीतून सुनेला आणि मुलाला बोलावलं. मुलगा डॉक्टरला आणायला तळमजल्यावर धावला. मी टेबलावरची डबी उघडली. मला इंग्रजी वार वाचता येत नाहीत, पण आठवडा रविवारपासून सुरू होतो एवढं येतं. तिसरा कप्पा. सकाळचा रिकामा. संध्याकाळचा रिकामा. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही आणि दोन्ही गोळ्या घेतलेल्या. बाईंनी देवाचंही ऐकलं होतं आणि डॉक्टरचंही. दोघांनी मिळून त्यांना संपवलं असतं.

म्हणून मी सुनेला ढकललं. हो, ढकललं. ती कपाटावर आदळली, रडायला लागली. मी पुड्या दातांनी फाडल्या, साखर तळहातावर ओतली, पाण्याचे थेंब टाकून चिखल केला. विहीणबाईंना कुशीवर वळवलं, म्हणजे ठसका लागू नये. दात आवळले होते, पण ओठ सैल होते. बोटाने तो चिखल गालाच्या आत, हिरड्यांवर चोळला. दात क्षणभर उघडले आणि त्यांनी बोट चावलं. कडकडून. मी काढलं नाही. एक पुडी, दुसरी पुडी. तोंडाने मी म्हणत होते, "चंद्र दिसलेला नाही, विहीणबाई. मी तुमचा उपास मोडतेय. ऐकू येत असेल तर ऐकून ठेवा."

तिसऱ्या पुडीला दात सुटले. चौथीला त्यांनी स्वतः गिळलं.

मग मुलगा डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरने त्यांच्या बोटाला टोचून रक्त बघितलं, दंडाच्या शिरेत ग्लुकोजची सुई लावली, आणि नंतर माझ्याकडे बघून बराच वेळ बोलला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, अशा माणसाच्या तोंडात काही घालू नये, घुसमटू शकतं," मुलगा म्हणाला. मग थांबून, "आणि म्हणतो, घातलं नसतं तर तो येईपर्यंत फार उशीर झाला असता."

"मग दोन्हीतलं एक काय ते ठरव म्हणावं त्याला." माझ्या बोटातून रक्त येत होतं. त्याने पट्टी बांधली.

सकाळी मुलगा-सून दोघं मला खोलीबाहेरच्या बोळात गाठून उभे राहिले. सुनेचे डोळे सुजले होते. "आई, ती उठली की विचारेल. तुम्ही सांगाल ना, चंद्र दिसला होता म्हणून?"

"नाही."

"आई, एवढं एक बोल ना," मुलगा म्हणाला. "व्हाइट लाय असते ती."

"खोट्याला रंग नसतो. दिसला नाही, तर नाही."

विहीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले. मला बघून पहिला प्रश्न तोच.

"चंद्र दिसला होता?"

"नाही."

"मग?"

"मी साखर कोंबली तुमच्या तोंडात. त्या पुड्यांतलीच. उपास मी मोडला. पाप असेल तर ते माझं."

"तुम्हाला काय अधिकार?"

"काही नाही. तुमच्या मुलीला होता, तो तुम्ही शपथ घालून काढून घेतलात. म्हणून मी घेतला."

सून दारात उभी होती. विहीणबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "एकवीस वर्षं, विहीणबाई. एकवीस वर्षांची एकही मोडली नव्हती. मी तुमच्याशी यापुढे बोलणार नाही."

"नका बोलू. जेवा."

बोटीवरचे उरलेले सहा दिवस त्या बोलल्या नाहीत. एका खोलीत, दोन हातांवर पलंग. दिवा घालवायचा तर मुलीला फोन करून मला सांगायला लावायच्या. मी तेवढ्यात दिवा घालवलेला असायचा. गावं येत गेली, जात गेली. मी उतरत होते. एका गावात केळी मिळाली, ती मी आणून त्यांच्या उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी सालं टोपलीत होती.

शुगर लँडला परत आल्यावर तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात विहीणबाई बायकांना सांगायच्या, "आमच्या विहीणबाईंनी माझी अंगारकी मोडली." बायका माझ्याकडे बघायच्या. एक नागपूरची मुलगी, तिथे शिकायला आलेली, तिने हळूच विचारलं, "काकू, खरंच?"

"खरंच," मी म्हटलं. "परत वेळ आली तर परत मोडीन."

विहीणबाईंनी ते ऐकलं. ऐकावं म्हणूनच मी बोलले होते. पुढच्या संकष्टीला मी सकाळी उठून स्वयंपाकघरात गेले तर त्या गॅसशी उभ्या होत्या, खिचडीला दाण्याचं कूट घालत. शेजारी गोळ्यांची डबी उघडी होती. खिचडी झाल्यावर त्यांनी आधी बशीभर खाल्ली, मग गोळी घेतली, आणि डबी माझ्यासमोर ओट्यावर आपटून बाहेर गेल्या. बोलल्या नाहीत. बोलायला लागल्या त्या दिवाळीच्या सुमारास, तेही चकल्या बिघडल्या म्हणून.

माफ त्यांनी मला कधी केलं नाही. मीही माफी मागितली नाही. चाव्याचा वण माझ्या उजव्या हाताच्या बोटावर अजून आहे.

आम्ही चौघं गेलो होतो, चौघं परत आलो. विहीणबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या.