घुमटाची पाठ

बाईंच्या कॅमेऱ्यात मी रोल नीट अडकवला नाही. मूर्खपणा एवढाच, सांगायला एक वाक्य पुरतं. तो झाकायला मी जे केलं, ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

बाई सुरतेच्या मराठी शाळेत शिकवायच्या. नव्वदच्या दशकात बँकेने मला सुरतेला धाडलं, तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांत राबणाऱ्या खानदेशी लोकांची कितीतरी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्या भाजी घ्यायला निघाल्या तरी कुणीतरी सायकलवरून उतरून पाया पडायचं. लग्न केलं नव्हतं, दागिन्यांची हौस नव्हती. नाद एकच. कतारगाम दरवाज्याजवळच्या जुन्या डच कबरस्तानात एक मोठा घुमटाचा मकबरा आहे, त्याचे फोटो काढायचे. दर रविवारी. वर्षानुवर्षं.

दुसऱ्याच रविवारी मी विचारून बसलो, "बाई, परत तोच?" न्यायला-आणायला स्कूटर माझी होती, त्यामुळे प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे असा माझा समज.

"तुझं थोबाड मी रोज बघते," बाई म्हणाल्या, "पण मागून कसा दिसतोस ते विचारलं तर मला सांगता येणार नाही. म्हणजे मी तुला पाहिलंय का रे?"

त्यांचा नियम असा की एकदा जिथे उभं राहून फोटो काढला, तिथे पुन्हा उभं राहायचं नाही. मग जागा संपल्या की बसून, बसून झालं की झोपून. झोपायचं काम माझ्याकडे. "बँकवाल्या, आडवा हो आणि सांग, खांबांच्या मधून आकाश दिसतं का." मी इस्त्रीच्या पँटीत बकऱ्यांच्या लेंड्यांवर आडवा होऊन आकाश दिसतं म्हणून सांगायचो. एकदा बाईंनी डबक्यात उलटा पडलेला घुमट टिपला. एकदा कठड्याच्या भोकातून नुसती त्याची कड. कधी कधी मलाही खटका दाबू द्यायच्या. मी घुमट बरोबर मधोमध घ्यायचो, वर-खाली, डावी-उजवीकडे सारखी जागा सोडून. फोटो धुवून आले की बाई चष्मा वर करून म्हणायच्या, "याला पासपोर्ट काढायचाय का?"

एकच बाजू राहिली होती, मागची. ती कबरस्तानातून दिसायची नाही, कारण मागच्या भिंतीला लागून एक उंच घर होतं. त्या घराच्या अगासीवरून, म्हणजे गच्चीवरून, घुमटाची पाठ दिसत असणार. पण घरमालकीण, सगळे जिला बा म्हणत त्या गुजराती आजी, दारातूनच परत पाठवायच्या. कबरींचे फोटो आपल्या घरातून काढणं त्यांना अशुभ वाटे. "घुमट पाठमोरा बघायचा राहिला तर सुरतेत राहून काय केलं मी?" असं बाई म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या.

मग बाई निवृत्त झाल्या आणि जळगावला पुतण्याकडे जायचं ठरलं. गाडी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची. बोटं संधिवाताने आखडलेली, हात कापायला लागलेला. संक्रांतीला सकाळी त्या म्हणाल्या, "चल. आज सुरतेत कुणी कुणाला अगासीवरून हाकलत नाही. आणि तिळगूळ घेऊन आलेल्या माणसाला तर नाहीच."

खरंच तसं झालं. बांनी तिळगूळ घेतला, हातावर चिक्की ठेवली आणि जिना दाखवला. वर आलो तर समोर घुमट. पाठीला मोठी भेग, भेगेत पिंपळाचं रोप, आणि भोवती आभाळभर पतंग. बाईंनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "रोल भर. माझी बोटं चालत नाहीत."

मी कॅमेऱ्याची पाठ उघडली, रोलची जीभ फटीत सरकवली, तेवढ्यात शेजारच्या अगासीवर "काप्यो छे!" असा गिल्ला झाला. मी वर बघितलं. लाल पतंग कटला होता. बघत बघतच मी झाकण लावलं.

बाईंनी मनसोक्त फोटो काढले. रोल छत्तीस फोटोंचा, पण तो आकडा मागे पडला तरी संपेना. "बाई, आपला फायदाच फायदा!" मी ओरडलो.

"बँकेत असाच हिशोब करतोस का?" म्हणत त्या हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर रोल गुंडाळायला घेतला, तर कळ सैल फिरली. झाकण उघडलं. जीभ फटीतून निसटून जिथल्या तिथे, जणू मला वेडावत. एकही फोटो निघाला नव्हता.

सकाळी स्टेशनवर सांगणारच होतो. शब्द जुळवून ठेवले होते. पण कॅमेरा परत द्यायला गेलो, तर बाईंनी माझा हात मागे ढकलला. "ठेव तुलाच. माझं झालं. पाठ बघून झाली. फोटो तेवढे पाठव." मी मान हलवली. गाडी हलली.

तिथून थेट बांच्या दारात. वाशी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत, असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही पतंग होते, हे माझं नशीब. "काले तो पाड्या'ता, भाई!" बा वैतागल्या. काल काढलेत की, असं त्यांचं म्हणणं. मी हात जोडले, वर गेलो, रोल चारदा तपासून भरला आणि फोटो काढून बाईंनीच काढलेले म्हणून जळगावला पाठवून दिले. फार छान आले, असा त्यांचा निरोप आला. त्यानंतर कितीतरी रात्री मला उत्तम झोप लागली, याचीच आज जास्त लाज वाटते.

दोन-तीन वर्षांनी बदली होऊन निघालो, तेव्हा जळगावला उतरलो. बाई थकल्या होत्या. भिंतभर घुमट लावलेला: डबक्यातला, कठड्याच्या भोकातला, कडेकडेचा. पाठमोरा मात्र दिसेना. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर तो तिथे, गॅसच्या सिलिंडरच्या वर, खिळ्याला टांगलेला.

"बाई, हा इथे का?" मी शहाजोगपणे विचारलं.

"तुझा फोटो आहे तो. माझे बाहेर लावलेत."

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. "तुम्हाला कळलं होतं?"

"पाकीट उघडल्या उघडल्या. मी घुमट कोपऱ्यात घेतला होता, बाकी सगळे पतंग."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले." बाईंनी कापऱ्या हाताने माझ्यापुढे लाडवाची बशी सरकवली. "आणि खोटंच बोलायचं होतं, गाढवा, तर निदान घुमट तरी जरा बाजूला घ्यायचास!"