घरच्या गाडीचा बोल्ट

ती केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि निवृत्तीनंतर विसरलोही. पण फुलंब्रीच्या रस्त्यावरच्या त्या जीपची आठवण आली की आजही जेवण जात नाही.

चौक्याच्या घाटात एक प्रवासी जीप खाली गेल्याची खबर ठाण्याला आली. गाडीत एकटा चालक होता, तो जागीच गेला. जीप त्याच्याच मालकीची. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं जबाब दिला, की उतारावर मोठा आवाज झाला, रस्त्यावर तेल सांडलं, मागची चाकं जाम झाली आणि गाडी कठडा तोडून गेली. पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. अंत्यविधी झाल्यावर मयताची बायको ठाण्यात येऊन उभी राहिली.

"साहेब, ह्यो अपघात नाय. माझ्या मोठ्या दिरानं केलंय हे. बोल्ट ढिले सोडले त्यायनं."

तिचा दीर गारखेड्यात गॅरेज चालवायचा. बाप लवकर गेल्यावर धाकट्या भावाला त्यानंच वाढवलं, गाडी शिकवली. धाकट्यानं स्वतःच्या पसंतीनं, जातीबाहेर लग्न केलं. थोरला लग्नाला आला नाही आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. तरी अपघाताच्या थोडे दिवस आधी जीपचं इंजिन उघडायची वेळ आली तेव्हा धाकटा बायकोचं न ऐकता भावाकडेच गेला. "दुसऱ्याच्या हाताला इंजिन देणार नाय म्हणाले," ती रडत सांगत होती.

गॅरेजच्या गल्लीतल्या आमच्या खबऱ्यानंही भर घातली. "साहब, दोनो भाई एकच इंजिनावर झुकलेले, पर एक लफ्ज नै बोले. नजर बी नै मिलाए." झालं, संशयाला एवढं पुरे होतं. थोरल्याला चौकशीला आणला.

त्यानं मला पार वैताग आणला. खोटं बोलणारा माणूस भरभर बोलतो, शपथा घेतो, चहा मागतो, हा माझा अनुभव. हा मात्र भिंतीकडे बघत बसलेला. "अरे बाबा, तोंड उघड! भाऊ मेलाय तुझा!" मी टेबलावर हात आपटला. तेव्हा म्हणाला, "गाडी कुठं ठिवली, साहेब? मला एकदा बघू द्या." आमचे जमादार कानात म्हणाले, नाटकं करतोय. मला तसं वाटेना.

मोटार वाहन निरीक्षकांनी इंजिन खोलून पाहिलं. पिस्टनचा दांडा ज्या बोल्टांनी धरलेला असतो, त्यातला एक तुटला होता. सुटलेल्या दांड्यानं इंजिन फोडलं होतं. "पण ढिला नव्हता हा," निरीक्षक म्हणाले. "ताणून ताणून मधे बारीक झालाय. फार कसला कुणीतरी." मला काही उमगेना. जीव घ्यायचा असेल तर माणूस बोल्ट जास्त कशाला कसेल?

शेवटी थोरल्याला त्याच्या गॅरेजात नेला. सोबत पंच, निरीक्षक आणि फिर्यादी म्हणून ती बाई. तसलंच एक जुनं इंजिन समोर ठेवलं आणि म्हटलं, त्या दिवशी केलंस तसंच कर.

त्यानं टॉर्क पाना घेतला. ठरलेला ताण आला की हा पाना 'कट्' असा आवाज देतो. तिथं थांबायचं असतं. आवाज आला, तो थांबला. मग पाना खाली ठेवला, दुसरा लांब पाना उचलला आणि दात आवळून त्याच बोल्टाला आणखी एक हिसका दिला.

"हे काय?" मी विचारलं.

"ते हातचं."

"सगळ्या गाड्यांना देतोस?"

"नाय. गिऱ्हाइकाच्या गाडीला पाना म्हणल तेवढंच. घरच्या गाडीला हातचं थोडं वर. नुसतं पान्यावर सोडून जीव राहत नाय."

निरीक्षकांनी मान खाली घातली. "जास्त कसला की बोल्ट ताणतो, मग तुटतो, हे ठाऊक नाही तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"ठावं हाय की. म्हणून तर गिऱ्हाइकाला..." तो बोलता बोलता थांबला. त्यानं इंजिनाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. पाना हातातून पडला आणि तो तिथंच तेलकट जमिनीवर बसला. "म्हंजे मीच व्हय, साहेब?" खरं सांगतो, मला त्याच्याकडे पाहवेना.

खुनाचा संशय संपला. हयगयीचा अहवाल मी वर पाठवला, कारण कायद्यानं तो पाठवावाच लागतो. द्वेषातून गेलेल्या जिवांच्या केसेस मी उलगडल्या, आरोपी गजाआड केले आणि घरी जाऊन झोपलो. मायेनं गेलेला जीव ही एकच केस. माणसं बोलत नाहीत म्हणजे वैर असतं, हे गणित मी त्या दिवसापासून सोडलं. पुढच्या अधिकाऱ्यांनाही तेच सांगत आलो.

त्या दिवशी गॅरेजात हे सगळं त्या बाईसमोरच घडलं. ती दाराशी उभी होती. मग आत आली, डोक्यावरचा पदर सावरला आणि दिरासमोर खाली बसली.

"दादा," ती म्हणाली, "आमची गाडी तुमी घरची धरली, हे त्यायला जित्तेपणी एकदा सांगाया पाहिजे होतं."